रस्त्याकडेचा वरखाली गहू

आमच्या वडिलांना, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, रानात वरखाली काही चालत नाही. सोयाबीन असो, हळद असो की घरापुरता गहू, पीक एका पातळीत दिसलं पाहिजे. आमचं गाव जवळा बाजारच्या जवळचं. बाजाराच्या दिवशी येणारी-जाणारी माणसं आमच्या रस्त्याकडेच्या तुकड्यापाशी हमखास गाडी हळू करतात. "चादर हांतरल्यावानी दिसून राहिलं बघा," असं कुणी म्हटलं की अप्पा डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घालतात. त्यांचा आनंद एवढाच दिसतो.

त्याच तुकड्यात मी, त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, मुद्दाम वरखाली येणारा गहू पेरला.

मी तेव्हा कृषी विद्यापीठात पीएच.डी. करत होते. झाडाची उंची आणि दाण्याचा उतारा आईबापाकडून पुढच्या पिढ्यांत कसा जातो, हा माझा विषय. संकरातली आई म्हणून मी आमच्याच घरचा जुना बन्सी गहू घेतला होता. माझी माय शेवयांसाठी तो दरवर्षी थोडा लावते. छातीला लागेल एवढा वाढतो आणि पाणी जास्त झालं की लोळतो. बाप म्हणून घेतलेली जात विद्यापीठातली, तीही बन्सीतलीच, पण ठेंगणी, मांडीएवढी, काडीनं जाड. दोघांचा संकर करायचा म्हणजे ओंबी बाहेर पडू लागली की चिमट्यानं एकेक फूल उघडून आतले कोवळे पुंकेसर काढून टाकायचे, ओंबीवर कागदी पिशवी चढवायची, आणि फूल तयार झालं की दुसऱ्या झाडाचे पराग आणून त्यावर झटकायचे. मी लहानपणापासून चुळबुळी. एका जागी बसणं मला जमत नाही. परीक्षेतसुद्धा माझा पाय सारखा हलत असायचा आणि पुढच्या बाकावरची मुलगी वैतागून मागं बघायची. पण ओंबी हातात घेतली की माझा हात स्थिर व्हायचा. म्हणून तर मी या विषयाकडे गेले असेन.

संकराची पहिली पिढी विद्यापीठातच आली. सगळी झाडं एकसारखी, उंचीनं दोघांच्या मधली, भरलेल्या ओंब्यांची. घरी गेल्यावर मी अप्पांना मोबाईलवर फोटो दाखवला. ते खूष झाले.

"हे बराबर हाय. ह्याचंच बी ठेव, आपुन लावू."

"अप्पा, ह्याचं बी लावलं की असं येत नसतं. पुढच्या पिढीत आजा-आजी वेगवेगळे होऊन निघतात. काही झाडं आईवाणी उंच, काही बापावाणी बुटकी, बाकीची अधलीमधली."

"बी तर एकाच झाडाचं ना?"

"व्हय."

"मग काहून?"

मी जनुकं, त्यांच्या जोड्या, त्या जोड्या फुटून पुन्हा कशा जमतात, हे सगळं हातवारे करून सांगितलं. अप्पांनी नीट ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे पटलेलं नाही.

दुसरी पिढी पेरायची वेळ आली तेव्हा विद्यापीठाच्या रानात माझ्या वाट्याला आलेली जागा चिबड, पाणी धरून ठेवणारी निघाली. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "घरची जमीन आहे ना तुझी? विहिरीला पाणी आहे? मग तिथं पेर. पण अर्धं बी माझ्या कपाटात ठेवून जा. रानाचा भरवसा धरू नये." मी अर्धं बी पाकिटात भरून त्यांच्याकडे दिलं आणि उरलेलं घेऊन गावी आले.

मी अप्पांना मागचा, ओढ्याकडचा तुकडा मागितला होता. रस्त्याकडेचा त्यांनी आपणहून दिला. "तिकडं रोही येतात, रातोरात चरून जातील. अन् अभ्यासाचं काम हाय, मग चांगल्यातली चांगली जागा घे." तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही. मी घाईत होते. दोरी लावून एकेक दाणा टोकला, दोन्ही टोकांना आईच्या आणि बापाच्या जातीच्या ओळी टाकल्या, मधे दुसरी पिढी. उगवल्यावर प्रत्येक झाडाला नंबराचं लेबल बांधलं. अप्पा पाणी देणार होते, माय रोज सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणार होती, आणि मी जमेल त्या रविवारी येणार होते. गहू पिकला की प्रत्येक झाड वेगळं काढायचं, त्याची उंची मोजायची, दाणे वजन करायचे. मग उन्हाळ्यात लिखाण आणि सुटका. मी त्या सुटकेच्या इतकी मागं लागले होते की होस्टेलच्या भिंतीवरचं कॅलेंडर मी दिवसातून कितीदा बघायचे, मलाच कळायचं नाही.

जानेवारी सरता सरता गहू निसवला, ओंब्या बाहेर आल्या आणि मी सांगितलेलं सगळं डोळ्यांना दिसायला लागलं. एक झाड छातीएवढं, शेजारचं गुडघ्याच्या जरा वर, त्यापलीकडचं दोघांच्या मधे. मी त्या रविवारी बांधावर उभी राहिले तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी मॅडमना तिथूनच फोन लावला. पुस्तकातलं चित्र आमच्या रानात उगवलं होतं.

गावाला मात्र त्यात भेसळ दिसत होती. जाणारा-येणारा थांबायचा.

"बियाणं कुठून आणलं हो? फसवलं तुमाला."

"पेरणाऱ्याचा हात हालला काय?"

"शिडी लावल्यावानी आलाय गहू, वर चढायचं हाय काय कुठं?"

अप्पा कुणाला उत्तर देत नव्हते. मायनं मला फोनवर सांगितलं, "तुझे अप्पा आता बाजाराला मागच्या पांदीनं जाऊन राहिले. चिखल हाय तरी तिकडूनच जातात." मी हसले. माय हसली नाही.

त्याच सुमारास कळमनुरीकडचं एक स्थळ आलं. मुलगा नांदेडला नोकरीला, शिकलेला, आमच्या मामांच्या ओळखीतला. मी होस्टेलवर असताना त्याच्याशी दोनदा फोनवर बोलले होते आणि दोन्ही वेळा फोन ठेवल्यावर मला पुन्हा बोलावंसं वाटलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी पाहुणे आमच्याकडे येणार, असं ठरलं.

त्या सकाळी मायचा फोटो आला नाही.

मी एसटीत बसले होते. पाहुण्यांची गडबड असेल, असं स्वतःला समजावलं, तरी मोबाईल सारखा उघडून बघत होते. दोनदा फोन लावला, मायनं उचलला नाही. खिडकीबाहेर हरभरा पिवळा पडत चालला होता, कुठं हळद शिजवायची तयारी चालली होती, आणि माझा पाय समोरच्या सीटवर आपटत होता. समोरच्या आजोबांनी वळून विचारलं, "काय तकलीफ हाय का पोरी?" मी न्हाई म्हटलं. जवळा बाजारला उतरले, ऑटोत बसले. ऑटो आमच्या रानापाशी आला तेव्हा मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. मला वाटलं आपण दुसऱ्याच कुणाच्या रानापाशी आलो.

गहू एका पातळीत होता. चादर हांतरल्यासारखा.

मी बांधावरून खाली उतरले. ओळींमध्ये जागोजाग भोकं होती, ओली माती वर आलेली. जे जे झाड डोकं वर काढत होतं ते मुळासकट उपटलेलं होतं. टोकाच्या, आईच्या जातीच्या उंच ओळी तशाच ठेवल्या होत्या. त्या एकसारख्या होत्या, म्हणून त्यांना हात लागला नव्हता.

घरी आले तेव्हा गोठ्यात बैलांपुढं हिरवा गहू पडला होता. ओंब्या दुधात आलेल्या. अप्पा नवी टोपी घालून दारातच उभे होते. त्यांनी माझ्या हातातली बॅग घ्यायला हात पुढं केला.

"अप्पा, रानातले झाडं कुणी काढले?"

"मीच काढले. पहाटं उठून काढले. पाहुणे रस्त्यानंच येणार, पयलं काय दिसंल त्यांना? रान बघून घर वळखतात माणसं."

"पण ते..."

"थांब, ऐक. आता पाणी दिलंय, वारं सुटलं की ते उंचे लोळले असते, बुटक्यालाबी घेऊन पडले असते. नुकसान तुझंच होतं. अन् तुझी लेबलं म्या टाकली न्हाईत." त्यांनी कोनाड्यातून एक डबा काढून माझ्या हातात दिला. आत उपटलेल्या झाडांची सगळी लेबलं होती. पुसून, एकावर एक रचून ठेवलेली.

मी तो डबा धरून उभी राहिले. मला ओरडायचं होतं, आणि मी ओरडलेही असावे, कारण माय आतून धावत आली आणि तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "आज नको माय. गाडी येऊन राहिली. आज काही बोलू नको. तुझ्या पाया पडते." अप्पा माझ्याकडे बघत होते. आपलं काय चुकलं ते त्यांना कळलेलं नव्हतं, पण काहीतरी मोठं मोडलं, एवढं माझ्या तोंडावरून कळलं होतं. त्यांनी टोपी काढली. ती परत घातली नाही.

पाहुणे आले. मी साडी नेसून पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर गेले. मुलगा, त्याची आई आणि त्याचे एक काका. काका बसता बसता म्हणाले, "रान मोठं नामी ठेवलंय तुमी. येताना बघितलं. एक झाड वरखाली न्हाई." अप्पांनी मान खाली घातली. मी हातातली बशी घाईनं टेकवली. त्याच्या आईनं मला शिक्षण विचारलं, मी सांगितलं. कधी संपणार, असं विचारलं, तेव्हा मी पाण्याचा तांब्या पुढं केला. सकाळपर्यंत माझं उत्तर तयार होतं: येत्या उन्हाळ्यात.

मायनंच मग सुचवलं की दोघांनी जरा रानात फिरून यावं. आम्ही बांधावर गेलो. तो फोनवर बोलायचा तसाच होता, कमी बोलणारा, ऐकणारा. माझ्यानं एका जागी उभं राहवत नव्हतं, मी ओळींमधून चालत होते आणि तो मागं येत होता. मधेच तो थांबला आणि वाकून एका भोकाकडे बघायला लागला.

"इथं काही उपटलंय का?"

मी त्याला सगळं सांगितलं. कशाची कोणती पिढी, काय मोजायचं होतं, पहाटे काय झालं. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग, आणि तो राग त्याच्यापुढं बोलून टाकायला मला लाजही वाटली नाही.

"उरलेल्या झाडांवर नाही का भागत?" त्यानं विचारलं.

"उंच काढून टाकल्यावर उंचीचा अभ्यास कसा करू? उंच झाड जास्त दाणे देतं की कमी, हेच बघायचं होतं."

"मग आता?"

"अर्धं बी मॅडमकडे आहे. ते पुन्हा पेरायचं."

"पुन्हा म्हणजे कधी?"

"पुढच्या रब्बीत."

त्यानं पायानं भोकात थोडी माती लोटली. मग म्हणाला, "म्हणजे वर्ष गेलं." तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो आता फक्त गव्हाचं बोलत नाही.

त्यांच्या घरी घाई होती. धाकट्या भावाचं ठरलेलं, थोरल्याचं आधी व्हायला हवं, तेही त्याच उन्हाळ्यात. लग्न झाल्यावर सून आणखी वर्षभर होस्टेलवर आणि माहेरच्या रानात राहणार, हे त्याच्या आईला पटेना. मामांनी खूप समजावलं. आठवडाभर फोन इकडून तिकडे गेले. मायनं मला एकदा भीत भीत विचारलं, "सोडून दिलं तर न्हाई का जमणार? एवढं शिकलीस, पुरं झालं की." मी म्हटलं, न्हाई. मी हे ठामपणे म्हटलं, पण रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी उठून पुन्हा तेच म्हटलं. शेवटी त्यानं मला फोन केला. "मी थांबलो असतो. पण घरात माझं चालत नाही." मला त्याचा राग आला नाही. माझं तरी घरात कुठं चाललं होतं?

मी त्या महिन्यात अप्पांशी बोलले नाही. म्हणजे जेवायला या, पाणी चालू करा, एवढं बोलले. मॅडम म्हणाल्या होत्या, "उरलेल्या झाडांचं बी तरी नीट काढून आण." म्हणून मी मार्चात आले आणि गहू काढायला लागले. अप्पा आले, माझ्या पुढच्या ओळीत बसले आणि विळा चालवायला लागले. निम्मी ओळ झाली. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "त्या बाईंच्या कपाटातलं बी चांगलं हाय ना? कीड-बिड?"

"चांगलं हाय."

"मग ते हितंच पेरायचं. ह्याच जागी."

"लोक हसतील, अप्पा."

"हसू दे," ते म्हणाले, आणि विळा इतक्या जोरात ओढला की मूठभर गहू एकदम हातात आला.

माफी त्यांनी मागितली नाही. आमच्याकडे बाप लेकीची माफी मागत नाही आणि मला ती ऐकवलीही नसती. पण दसऱ्यापासून त्यांनी मला रोज फोन लावायला सुरुवात केली. जमीन वाफशाला आली, कधी येते? थंडी पडायला लागली, कधी येते? माझी चुळबुळ त्यांना लागली होती. त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती. मला लागेल तेवढं बी दिल्यावर, उरलेल्या झाडांचं शिल्लक बी त्यांनी वेगळ्या पोत्यात भरून ठेवलं होतं. उंच झाडं आपण स्वतःच्या हातानं काढली, तेव्हा हे आता निव्वळ बुटक्या आणि मधल्या गव्हाचं बी झालं, याची त्यांना खात्री होती. शिवाय दाणा टपोरा होता. माझ्या तुकड्याच्या शेजारी त्यांनी ते आपल्यासाठी पेरलं.

"बघ, हे कसं एका पातळीत येतंय," ते म्हणाले. मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मुद्दामच बोलले नाही.

जानेवारीत अप्पांचा फोन आला. आवाज चिडलेला. "तू हिकडं ये आधी."

"काय झालं?"

"ये म्हणतो ना."

मी गेले. माझा तुकडा अपेक्षेप्रमाणं वरखाली होता. आणि त्यांच्या पट्ट्यात, त्या एका पातळीत येणाऱ्या गव्हात, जागोजाग छातीएवढी झाडं उभी होती. मागच्यापेक्षा कमी, पण होती. अप्पा त्यांच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभे होते.

"मुळासकट काढले होते गं मी. एकबी ठेवला नव्हता."

"उंच काढले, पण मधल्या झाडांच्या पोटात उंचपणा होताच. एकाकडून उंच, एकाकडून बुटका, असं दोन्ही घेऊन ते मधे राहिलेले. त्यांच्या लेकरांत तो पुन्हा वर आला."

अप्पांनी एका उंच झाडाची काडी दोन बोटांत धरून खालपासून वरपर्यंत बघितली. मग माझ्याकडे वळले.

"मग हे आधी सांगायचं ना!"

"सांगितलं होतं. फोटो दाखवला तेव्हा."

"तसं न्हाई सांगितलंस. जोड्या-बिड्या सांगत होतीस हात हालवून. असं रानात उभं करून सांगितलं असतंस तर मला कळलं नसतं काय?"

मला एकदम हसू आलं, वर्षभरात पहिल्यांदा, आणि अप्पा आणखीच चिडले. ते पाय आपटत विहिरीकडे निघून गेले. थोड्या वेळानं परत आले आणि माझ्या तुकड्यातली झाडं एकेक बघत फिरायला लागले. हे का असं, ते का तसं, हे कुणावर गेलं? संध्याकाळची एसटी चुकली तरी त्यांचे प्रश्न संपत नव्हते. त्यातल्या निम्म्यांची उत्तरं मला येत नव्हती. उंचीचा हिशोब बऱ्यापैकी लागतो. दाण्याचा लागत नाही. त्यात पाणी येतं, थंडी येते, एखाद्या झाडाला शेजार कसा मिळाला तेही येतं. मी तसं सांगितलं की अप्पा म्हणायचे, "मग एवढं शिकून काय केलंस?" आणि पुढच्या झाडाकडे जायचे.

रस्त्यावरून कुणी विचारलं की आता ते तिथूनच ओरडून सांगायचे, "लेकीचा अभ्यास हाय!" पांदीची वाट त्यांनी सोडली होती.

फेब्रुवारीत ढग आले. मी विद्यापीठात एका परीक्षेच्या कामात अडकले होते. दुपारी खिडक्या आपटायला लागल्या आणि माझ्या हातून काम होईना. घरी फोन लागत नव्हता. मी व्हरांड्यात जायची, आत यायची, पुन्हा जायची. मॅडम म्हणाल्या, "तू इथं फेऱ्या मारून वारा थांबणार आहे का? जा." मी मिळेल ती गाडी धरून निघाले. हिंगोली जिल्ह्यात शिरल्यापासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू आडवा झालेला दिसत होता आणि मला पुढं बघवत नव्हतं.

रानात पोचले तेव्हा पाऊस थांबला होता. अप्पा आणि माय चिखलात बसले होते. त्यांनी कपाशीच्या पऱ्हाट्या आणून प्रत्येक उंच झाडाशेजारी एकेक रोवली होती आणि झाड सुतळीनं तिला सैल बांधलं होतं. निम्मं रान झालं होतं. मायची साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. अप्पांनी मला बघितलं आणि सुतळीचा गुंडा माझ्याकडे फेकला.

"गाठ घट्ट मारू नको. काडी कापंल."

आम्ही अंधार पडेपर्यंत बांधत होतो. काही झाडं मोडलीच. पण बरीच वाचली.

गहू पिकल्यावर मोजणी केली. अप्पा काठी झाडाच्या मुळाशी धरायचे, मी वर ओंबीपाशी आकडा वाचायची, माय प्रत्येक झाडाच्या ओंब्या वेगळ्या पिशवीत घालायची. अप्पांचा एका उंच झाडावर जीव होता. त्याच्या ओंब्या खरंच भरलेल्या निघाल्या. पण त्याच उंचीची दुसरी झाडं पोकळ होती. बुटक्यांतही तसंच, काही भरलेली, काही नुसतीच गर्दी. एकूण हिशोब मांडला तेव्हा मधल्या उंचीची झाडं जरा पुढं होती, पण उंची बघून उतारा सांगावा असं काही घट्ट नातं निघालं नाही. मला थोडं निराश व्हायला झालं. मॅडम म्हणाल्या, "जे निघालं ते लिही." मी लिहिलं. पदवी मिळाली. कळमनुरीकडच्या त्या मुलाचं लग्न त्याआधीच झालं होतं, हे मला मामांकडून कळलं. त्या दिवशी मी होस्टेलवरून निघून उगाचच लांबवर चालत गेले आणि परत आले.

आता मी हिंगोलीजवळ एका कृषी महाविद्यालयात तासिकेवर शिकवते. कायमच्या नोकरीच्या मुलाखती देऊन झाल्या, आणखी देईन. स्थळं येतात, कमी येतात. सुट्टीच्या दिवशी मी गावी असते, कारण त्या संकराच्या पुढच्या पिढ्या अजून आमच्या रानात चालू आहेत. दरवर्षी निवडून, ओळीओळीनं वेगळ्या. आता एकेक ओळ, म्हणजे एकाच झाडाची संतती, आतल्या आत सारखी दिसायला लागली आहे. गव्हाची एक चांगली ओळ हातात यायला किती रब्बी जातात, ते मी मुलांना फळ्यावर सांगते तेव्हा माझा खडू मोडतो.

गेल्या रविवारी अप्पा आणि मी ओळी निवडत होतो. पुढच्या वर्षी कोणती ठेवायची, कोणती सोडायची. एका ओळीपाशी आमचं जमेना. उंचीला जराशी जास्त, कमरेच्या वर जाणारी, पण ओंब्या अशा की हातात घेतल्यावर वजन लागावं. मी म्हटलं, सोडून द्या, जोराच्या वाऱ्यात ही टिकणार नाही. अप्पा म्हणाले, "काडी दाबून बघ. मागच्या दोन्ही साली उभी व्हती."

"मागच्या दोन्ही साली तसा वारा कुठं झाला?"

"मग ह्या साली काहून होईल?"

मी काडी दाबून बघितली. जाड होती. पुरेशी जाड आहे का, ते मला ठरवता येईना. मी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. अप्पा बांधावर बसून माझ्याकडे बघत होते. शेवटी मी पिशवीवर या ओळीचा नंबर लिहिला आणि त्यापुढं प्रश्नचिन्ह काढलं. अप्पांनी ते बघितलं, माझ्या हातातला पेन घेतला आणि ते खोडून टाकलं. मी पुन्हा काढलं. तेवढ्यात मायनं जेवायला हाक मारली आणि आम्ही दोघंही भांडतच घराकडे निघालो.